घाटात दम सोडणारी पिकअप: हाय प्रेशर पंप बदलण्याआधी टाकी उघडा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या गाडीवाल्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०१७ ची बीएस ४ पिकअप, अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, ३ लाख १० हजार किलोमीटर झालेली. देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला येताना निम्म्या घाटात तिसऱ्या गियरला गाडी ओढायचं सोडते, चेक लाईट लागतो, कधी कधी बंदच पडते. दहा-पंधरा मिनिटं कडेला थांबलं की पुन्हा सुरू होते आणि काही झालंच नाही अशी चालते. रिकामी असताना तक्रार नाही. सकाळी मात्र सेल्फ जरा जास्त वेळ मारावा लागतो. स्कॅनरवर पी ००८७ कोड आला, म्हणजे रेलमधलं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच जाड नळीतलं) प्रेशर कमी. डिझेल फिल्टर दोनदा बदलून झाला. आता हाय प्रेशर पंप गेला असं सांगितलं गेलंय, आणि पंप बदलू का असं विचारलंय.

नका बदलू दादा. निदान आज तरी नको.

कोल्हापुरात उद्यमनगरला मी सव्वीस वर्षं पंप आणि नोझलचंच काम करतोय. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या लक्षणांत एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: दहा-पंधरा मिनिटं थांबलं की चालते. झिजलेला पंप विश्रांतीने बरा होत नाही. उलट घाट चढून तापलेलं इंजिन बंद केलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं पंप आणि इंजेक्टर आणखी तापतात, कारण पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखाली वारा लागत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. म्हणजे पंप किंवा इंजेक्टर झिजलेले असते तर नेमक्या त्या वेळी गाडीने तुम्हाला सेल्फवर रडवलं असतं. तुमची गाडी तेव्हाच हसत सुरू होते. मग इंजिन थांबल्याने सुटणारी गोष्ट कोणती? टाकीतल्या जाळीला ओढून चिकटलेला कचरा. इंजिन चालू आहे तोवर तो ओढीने चिकटून राहतो, बंद केलं की ओढ संपते आणि तो खाली पडतो. पुढच्या चढाला पुन्हा जाऊन बसतो.

हा अंदाज आहे, आणि अंदाजावर पार्ट बदलायचे नसतात. टाकी बदलायलाही मी सांगणार नाही. मोजून, बघून, एकेक बाजू बाद करत जायचं. ते कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

या इंजिनांत डिझेलची दोन वेगळी राज्यं असतात. पहिलं कमी प्रेशरचं: टाकी, जाळी, सक्शन पाईप, फिल्टर आणि डिझेल ओढून आणणारा फीड पंप. पुष्कळ पिकअपमध्ये हा फीड पंप म्हणजे हाय प्रेशर पंपाच्याच पाठीला बसवलेला छोटा गियर पंप असतो, तर काही गाड्यांत टाकीत किंवा चासीवर इलेक्ट्रिक पंप असतो. दुसरं राज्य जास्त प्रेशरचं: हाय प्रेशर पंप, रेल, जाड भिंतीच्या लोखंडी नळ्या आणि इंजेक्टर. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बारच्या (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) आसपास प्रेशर बनलं तरच कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडायला परवानगी देतं. स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, ते २५० ते ३५० बार असतं, आणि भरलेल्या गाडीने चढ चढताना हजाराच्या वर जातं. बॉशच्या पहिल्या पिढीच्या कॉमन रेलची वरची मर्यादा १३५० बार होती, पुढच्या पिढीची १६००.

आता यातली मेख बघा. प्रेशर मोजणारा सेन्सर फक्त एक, आणि तो रेलवर. टाकीत चिंधी अडकली, पाईप हवा घेत असला, फिल्टर चोंदला, पंप झिजला, पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणारं मीटरिंग युनिट अडकलं, इंजेक्टर मागे गळतोय, यातलं काहीही झालं तरी सेन्सरला दिसतं एकच: मागितलं तेवढं प्रेशर आलं नाही. म्हणून पी ००८७ वाचून "पंप गेला" म्हणणं म्हणजे ताप आला म्हणून थेट ऑपरेशनला घेण्यासारखं आहे. सर्वात महागडा पार्ट आधी आणि फुकटातली तपासणी शेवटी, असा उलटा क्रम मी इतक्या गाड्यांवर झालेला बघितलाय की त्याबद्दल बोलताना मला अजून त्रास होतो. पिकअपवाल्याचा हंगाम दोन महिन्यांचा असतो. त्यात गाडी आठ दिवस उभी राहिली आणि वर पंपाचे पैसे गेले, तर त्या घराचं वर्ष बिघडतं.

तपासणीच्या आधी एक सक्त ताकीद. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांवर शिकलेल्या हातांना चालू इंजिनवर एकेक नोझलचा नट ढिला करून मिसिंग (कुठला सिलिंडर काम करत नाही ते) शोधायची सवय असते. मीही तसाच शिकलो. त्या नोझल २००-२५० बारला उघडायच्या. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. हजार बारची सुईसारखी धार कातडीतून आत जाते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेलने मांस सडायला लागतं. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, तासाभरात सर्जनकडे पोचायचं आणि "हाय प्रेशर डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघायची. कुठलीही लोखंडी नळी सोडण्याआधी इंजिन बंद करून निदान पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची.

आता कामाला लागू. पहिली तपासणी पान्याशिवाय होते. पुढच्या वेळी घाटात गाडी दम सोडेल तेव्हा कडेला घ्या, आणि दहा मिनिटं न थांबता लगेच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढली गेल्याचा स्पष्ट सुस्कारा आला आणि गाडी तशीच लगेच ओढायला लागली, तर टाकीचा श्वास कोंडलाय: झाकणातली झडप किंवा ब्रीदरची नळी मातीने बंद झालीय. चिखलाच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत कुंभारीण माशी त्या नळीच्या तोंडाशी मातीचं घर करते, हे मी दोनदा स्वतः काढलंय. तेव्हाच टाकीत किती डिझेल आहे तेही टिपून ठेवा. पाव टाकीलाच त्रास होत असेल आणि भरलेल्या टाकीला नसेल, तर चढावर डिझेल मागे सरकून आतल्या नळीचं तोंड उघडं पडतं किंवा त्या नळीलाच वर कुठे चीर आहे, असा विचार करावा लागतो.

दुसरी तपासणी मला सगळ्यात प्रिय आहे, कारण ती अर्धी गाडी एका फटक्यात बाद करते. डब्याची तपासणी म्हणतो आम्ही तिला. स्वच्छ, पांढरट प्लास्टिकचा दहा लिटरचा कॅन घ्यायचा, त्यात पंपावरून आणलेलं ताजं डिझेल. कॅन हौद्यात केबिनच्या मागे घट्ट बांधायचा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, आणि केबिनच्या आत तर मुळीच नाही. टाकीकडून फिल्टरला येणारा पाईप फिल्टरपाशी सोडायचा आणि त्याजागी कॅनमधून येणारा नवा डिझेलचा पाईप लावायचा. उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्नचा पाईपही कॅनमध्येच सोडायचा, नाहीतर डिझेल परत जुन्या टाकीत जाऊन कॅन बघता बघता रिकामा होईल. फिल्टर मात्र जागेवर ठेवायचा, त्याला बगल द्यायची नाही. मग गाडी भरा आणि त्याच चढाला घाला. रिकामी गाडी पळवून या दोषाबद्दल काहीच कळत नाही, कारण रिकाम्या गाडीला तेवढं डिझेलच लागत नाही. कॅनवर गाडी फोंडा घाट एका दमात चढली, तर पंप, रेल, इंजेक्टर, सेन्सर सगळे निर्दोष सुटले, आणि दोष टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या दीड-दोन मीटरात आला. तुमच्या गाडीत हेच निघेल असं मला वाटतं.

कॅनवरही गाडीने तसाच दम सोडला तर मी चुकलो, आणि पुढे सरकायचं.

सकाळच्या लांब सेल्फचं काय, असं तुम्ही विचाराल. तो बहुधा वेगळा, छोटा दोष आहे: रात्री हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरतं. सक्शनच्या बाजूची गळती फसवी असते. तिथे प्रेशर नसतं, ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि पाईप कोरडाच दिसतो. ही हवा बघायला फिल्टरच्या आधी आणि फिल्टरनंतर हातभर पारदर्शक पाईप जोडा. सुरू केल्यावर मिनिटभर बारीक बुडबुडे आले तर हरकत नाही. पाच मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर गाडी हवा घेतेय. फिल्टरआधीच माळ दिसली तर दोष टाकीकडच्या पाईपात किंवा जोडात. आधी नाही पण नंतर दिसली तर फिल्टरचं हेड, त्याचा रबरी रिंग, हाताने दाबून डिझेल चढवायच्या हात पंपाचा डायफ्राम किंवा बँजो बोल्टचा (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) तांब्याचा वॉशर. तुमचा फिल्टर दोनदा बदललाय, तेव्हा वॉशर नवे घातले का ते आठवा. तोच जुना चपटा झालेला वॉशर पुन्हा आवळलेला मी रोज बघतो. दोन-चार रुपयांची वस्तू असते.

इथे रबरी पाईपाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तीनेक वर्षांपूर्वी भाजीची एक पिकअप माझ्याकडे आली होती, दोन ठिकाणी फिरून. टाकी धुतलेली, फिल्टर नवा, तरी चढाला मरायची. पारदर्शक पाईपात बुडबुडा एकही नाही. शेवटी टाकी आणि चासीवरची लोखंडी नळी यांच्यामधला वीतभर रबरी तुकडा मी ब्लेडने उभा चिरला. बाहेरून नवाकोरा दिसणारा तो पाईप आतून दोन पदरी झाला होता. आतला पदर सुटून जिभेसारखा लोंबत होता. तोंडाने फुंकलं तर तो भिंतीला चिकटायचा आणि वारा आरपार जायचा. ओढलं की जीभ मध्ये येऊन नळी बंद. सगळ्यांनी त्या पाईपात फुंकून "साफ आहे" म्हटलं होतं. तेव्हापासून मी सक्शनचा पाईप फुंकून तपासत नाही, ओढूनच तपासतो, आणि तोही हात पंपाने, तोंडाने नाही. दहा वर्षांच्या गाडीवर रबरी तुकडे सरळ बदलून टाकलेलेच बरे, आणि ते डिझेलचे म्हणून मिळणारेच घ्यायचे. पाण्याचा पाईप डिझेलमध्ये फुगतो.

बुडबुडे नाहीत, पण डिझेल पुरत नाही, अशी शंका असेल तर मीटर लावायचा. फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) बसवून त्यावर ओढ मोजणारा व्हॅक्युम गेज. ज्या गाड्यांत गियर पंप ओढून घेतो तिथे हीच खरी मोजणी. सगळं साफ असलेल्या गाडीत स्लोला काटा जेमतेम हलतो, आणि आरपीएम चढवल्यावरही थोडाच खाली जातो. भार असताना ओढ ०.३ बारच्या पुढे जायला लागली की मी अडथळा शोधायला लागतो. ०.५ च्या आसपास गेली तर पंपाच्या पोटात डिझेलमधूनच वायूचे फुगे सुटायला लागतात आणि प्रेशर बनत नाही. मग तोच टी फिल्टरच्या आधी जोडायचा. आधीही तेवढीच ओढ असेल तर अडथळा टाकीकडे. आधी कमी आणि नंतर जास्त असेल तर फिल्टरच चोंदलेला. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत मात्र गणित उलटं, तिथे ओढ नाही तर दाब मोजायचा, आणि त्याचा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

जुना फिल्टर फेकलात का? नसेल फेकला तर तो सोनं आहे. त्याचा पत्रा पाईप कटरने गोल कापा (करवतीने कापलं तर करवतीचाच कीस आत पडतो आणि फसगत होते), कागदाची घडी उलगडून स्टीलच्या ताटात डिझेलने धुवा आणि ताट उन्हात धरा. लालसर तांबूस गाळ म्हणजे गंज, टाकी आतून गंजतेय. काळपट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर म्हणजे डिझेलमध्ये पाणी राहून त्यावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. कापसाचे तंतू, पोत्याचे धागे, मातीचे कण म्हणजे कॅन आणि बॅरलचं डिझेल. आणि उन्हात ताट हलवल्यावर चांदीसारखी बारीक चमक दिसली तर मात्र जागेवर थांबा. ताटाखालून लोहचुंबक फिरवा. चमक चुंबकामागे सरकली तर ते लोखंड आहे. फिल्टर पंपाच्या आधी असतो, तरी पंपातून निघालेला कीस रिटर्नने टाकीत जाऊन फिरून फिल्टरपर्यंत येतो. तसं असेल तर पंप खरंच स्वतःला खातोय, आणि त्या एका स्थितीत माझा सल्ला पूर्ण बदलतो: गाडी एक किलोमीटरही चालवू नका. तेव्हा नुसता पंप बदलूनही भागत नाही. टाकी, नळ्या, रेल, इंजेक्टर सगळं उघडून साफ करावं लागतं, नाहीतर उरलेला कीस नव्या पंपाला आठवड्यात संपवतो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. या पंपात आणि इंजेक्टरात हलणाऱ्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. तिथे काय आत गेलेलं चालेल याचा अंदाज यावरूनच करा.

तुम्ही लिहिलंय की हंगामात गावात बॅरल भरून ठेवता आणि कॅनने टाकीत ओतता. म्हणूनच मी टाकीवर इतका अडून बसलोय.

आता दुसरं राज्य, म्हणजे कॅनवरही गाडी मेली तर. इथे साधा कोड वाचणारा स्कॅनर पुरत नाही. मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर एकमेकांशेजारी चालू गाडीत दाखवणारा लागतो. गाडी भरून, स्कॅनर लावून, शेजारी एक माणूस बसवून चढाला जायचं. दोन्ही आकडे एकत्र चढत राहिले आणि वरच्या आरपीएमला मिळालेलं प्रेशर हळूहळू मागे पडत गेलं, तर डिझेल पुरत नाहीये. सेल्फ मारतानाच आकडा शंभर-सव्वाशेवर अडकून राहतो आणि गाडी सुरूच होत नाही, तर कुठेतरी मोठी गळती आहे किंवा सेल्फच संथ आहे. हा मुद्दा नजरेतून सुटतो: बॅटरी मेलेली, अर्थची पट्टी गंजलेली, त्यामुळे इंजिन फिरतंच हळू आणि पंपाला प्रेशर बनवायला वेग मिळत नाही. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली पडत असेल तर आधी ते नीट करा. स्लोला आकडा वरखाली झोके घेत असेल तर हवा किंवा पंपावरचं मीटरिंग युनिट.

सेन्सर खोटं बोलतो का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. रात्रभर उभ्या गाडीची चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. रेलमध्ये प्रेशर नाही, तेव्हा स्कॅनरवर शून्याच्या जवळ आकडा हवा आणि सेन्सरच्या सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट. निपचित इंजिनवर तो पन्नास बार दाखवत असेल तर आधी कनेक्टर काढून पिना बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाडीच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज नेहमी सापडतो.

यानंतर इंजेक्टरची रिटर्न तपासणी. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरच्या बारीक रिटर्न नळ्या काढून प्रत्येकाला सारख्या लांबीचा पाईप आणि खाली सारखी बाटली. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या बेस, कारण त्यांवर खुणा असतात. गाडी पूर्ण गरम करा, स्लोला दोन-तीन मिनिटं चालवा आणि बंद करून चारही बाटल्या शेजारी ठेवा. चारही जवळपास सारख्या भरल्या तर उत्तम. तीन सारख्या आणि चौथी दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर पंपाने बनवलेलं प्रेशर मागच्या दाराने सोडतोय. तो काढून बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, तपासून घ्या. चारही भरपूर भरल्या तर चारही झिजलेत, आणि ३ लाख किलोमीटरला ते नवलाचं नाही. पण अशा गाडीची तक्रार वेगळी असते: ती सकाळी एका सेल्फला उठते आणि गरम झाल्यावर, ढाब्यावर जेवून आलात की उठत नाही. तुमची नेमकी उलटी आहे. रेलच्या टोकाला प्रेशर लिमिटर झडप असेल तर तिचाही रिटर्न सोडून बघा. नेहमीच्या प्रेशरला तिथून थेंबही यायला नको.

हे सगळं स्वच्छ निघालं, डिझेल भरपूर पोचतंय, हवा नाही, रिटर्न सारखा आहे, सेन्सर खरा आहे, आणि तरी प्रेशर बनत नाही, तेव्हाच पंप खोलायचा. तिथेही आधी मीटरिंग युनिट: बॉशच्या बऱ्याच युनिटची कॉईल साधारण तीन ओहम दाखवते, आणि त्याच्या तोंडाची बारीक जाळी मळाने भरलेली असते. त्यानंतर पंप बेंचवर लावून त्याची डिलिव्हरी मोजायची. बेंचवर न लावता पंप गेला म्हणणाऱ्याला रिपोर्ट मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि भंगारातला पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो कुठलं डिझेल पिऊन आलाय कुणालाच माहीत नसतं.

ज्यांच्याकडे टाटा २०७ डीआयसारखी जुनी, यांत्रिक पंपाची गाडी आहे त्यांच्यासाठी एवढंच: तुमच्याकडे स्कॅनर नाही आणि रेलही नाही, पण टाकीपासून फिल्टरपर्यंतचं वर लिहिलेलं सगळं अक्षरशः तसंच लागू आहे. डब्याची तपासणी तर तुमच्याच गाड्यांवर जन्माला आली.

मी हे सगळं इतक्या आग्रहाने का लिहितोय ते सांगतो. दुकान सुरू करून चारेक वर्षं झाली असतील. एका दूधवाल्याच्या गाडीचा पंप मी ओव्हरहॉल करून दिला. तक्रार हीच, चढाला मरते. पंप बेंचवर थोडा कमी भरला होता, म्हणून मला वाटलं दोष सापडला. आठव्या दिवशी तो माणूस टोईंग करून परत आला, तेच दुखणं घेऊन, आणि त्या सकाळचं सगळं दूध नासलेलं. मग मी टाकी उतरवली. झाकणाच्या गळ्यातून आत बॅटरी मारली तर तळाला काहीतरी फिकट तरंगत होतं. वाकड्या तारेने बाहेर काढलं तर धोतराच्या कापडाची हाताच्या पंजाएवढी चिंधी. कॅनच्या तोंडाला बूच म्हणून कोंबलेली, ओतताना आत गेलेली. मध्यभागी जाळीच्या गोल तोंडाचा काळा ठसा उमटला होता, बांगडीएवढा. पंपाचे पैसे मी परत केले. ती चिंधी बरीच वर्षं माझ्या बेंचच्या वर खिळ्याला टांगलेली होती, नव्या पोरांना दाखवायला.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. उद्या फिल्टरचा खालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत ग्लासभर डिझेल काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाला बसतं आणि मधे स्पष्ट रेघ दिसते. मग वॉशर नवे घाला आणि डब्यावर गाडी भरून फोंड्याला न्या. चढली, तर टाकी उतरवा. टाकी डिझेलनेच धुवायची, पाण्याने नाही आणि पेट्रोलने तर नाहीच. गंजून गळत असेल तर रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते. दुसरी टाकी बघा. आतली जाळी साफ करून परत बसवा. "जाळीच काढून टाकू, कटकट नको" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती गेली तर कचऱ्यासमोर एकटा फिल्टर उरतो, आणि तो आठवड्यात चोंदतो. बॅरल वापरायचाच असेल तर भरल्यावर एक दिवस निवळू द्या, तळातलं चार बोटं डिझेल ओतू नका, आणि नरसाळ्याला बारीक जाळी लावा.

जोडणी झाल्यावर हात पंप कडक होईपर्यंत मारा. रिटर्नमधून बुडबुड्यांशिवाय धार आल्यावरच सेल्फ मारा, तोही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर थांबून. या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरवलात तर आज चांगला असलेला पंप उद्या खरोखर जाईल. कोड पुसून घ्या आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर चार-पाच दिवसांनी फिल्टरचा खालचा स्क्रू पुन्हा सोडून बाटलीत बघा. टाकी कितीही धुतली तरी कडेच्या पत्र्याचा गाळ पहिल्या आठवड्यात सुटून येतो, म्हणून एक फिल्टर गाडीत जास्तीचा ठेवा.